घोडा का अडला?

हट्टी माणसाला आपण सहज 'अडेलतट्टू' म्हणून मोकळे होतो. आता हा शब्द वापरणाऱ्यांपैकी किती जणांनी खरे तट्टू जवळून पाहिले असेल, कोण जाणे! पण शब्द टिकून आहे. काम रखडले की आपण 'घोडे कुठे अडले?' असे विचारतो. खरी अडचण सापडली की 'इथेच तर घोडे पेंड खाते' म्हणतो. पैसे देईल त्याची बाजू घेणारा तो भाड्याचा तट्टू, आणि वेळ टळून गेल्यावरची धावपळ म्हणजे वरातीमागून घोडे. घरातून घोडा गेला, भाषेतून काही गेला नाही.

गंमत अशी, की या शब्दांत बहुतेक वेळा दोष घोड्याच्या माथी असतो. अडतो तो घोडा, पेंड खातो तोही घोडाच. वर बसलेल्या माणसाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. याला अपवाद म्हणजे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले एक कोडे. भाकरी करपली, विड्याचे पान सडले आणि घोडा अडला, तर या तिन्हींचे कारण एका शब्दात सांगा. उत्तर असे, की फिरवले नाही! अमीर खुस्रोच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या हिंदी कोड्यांतही याचे भावंड सापडते. वर्गात हे कोडे घातले की मुले हसत, आणि मग एखादा चुणचुणीत मुलगा विचारी, "गुरुजी, घोडा फिरवायचा म्हणजे काय करायचं?" प्रश्न चांगला आहे. आज त्याच्याच मागे थोडे जायचे आहे.

आमचे शहागड गोदावरीच्या डाव्या काठावर आहे. नदी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. आज पुलावरून गाड्या दोन मिनिटांत पलीकडे जातात, पण औरंगाबादेकडून (आताच्या छत्रपती संभाजीनगरकडून) बीडकडे जाणाऱ्या या वाटेवर पूर्वी नदी हाच मोठा मुक्काम असे. आपले दख्खनचे तट्टू अंगाने लहान, दिसायला काही देखणे म्हणता येणार नाही, पण थोड्या चाऱ्यावर मैलोन्‌मैल चालणारे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडीची घोडी तर प्रसिद्धच होती. अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली, हे वाचून बरे वाटले. या तट्टांच्या पाठीवर मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली. मग ही तट्टे अडत नसतील का? अडतच असणार. जनावर आहे ते. प्रश्न एवढाच, की जाणती माणसे तेव्हा काय करत?

पहिले उत्तर कोड्यातलेच, फिरवत. शिवाजी महाराजांच्या फौजेची रीत सभासदाच्या बखरीत दिली आहे. पावसाळ्यात लष्कर मुलखात छावणीला येई. तिथे दाणा, वैरण, औषधे यांची तजवीज आधीच केलेली असे. दसरा झाला की छावणी हलायची आणि पुढचे आठ महिने मुलुखगिरी. आता विचार करा, चार महिने ठाणावर उभे राहून दाणा खाल्लेला घोडा दसऱ्याच्या दिवशी झेंडूची माळ घालून बाहेर काढला, तर तो मुकाट चालेल का? एक तर उधळेल, नाही तर वेशीपाशी चार पाय रोवून उभा राहील. म्हणून पावसाची उघडीप मिळाली की घोडी बाहेर काढून त्यांना चाल द्यावी लागे. जुन्या काळी घोडे फिरवण्याच्या मैदानाला 'वाह्याळी' म्हणत. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात घोड्यांच्या वाह्याळीवर स्वतंत्र प्रकरणच आहे. राजाचा तो खेळ खरा, पण खेळाच्या निमित्ताने घोड्याला रोजची सवय राही.

छावणी म्हटले की महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले पत्र आठवल्याशिवाय राहत नाही. राज्याभिषेकाच्या आगेमागे लिहिलेले हे पत्र रयतेच्या भाजीच्या देठाच्या संदर्भात नेहमी सांगितले जाते, आणि ते योग्यच आहे. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या काळजीतून निघाले आहे, हे आपण विसरतो. साठवलेला दाणा आणि वैरण आताच बेहिशेबी उडवलीत तर भर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. उंदीर दिव्याची पेटती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत त्यात बजावले आहे. राज्याभिषेकाच्या धामधुमीच्या काळात राजा उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो! पण त्यात नवल नाही. अर्धपोटी घोडा वाटेत अडला, तर त्याचे कारण त्या वाटेवर सापडत नाही. ते चार महिने मागे, छावणीच्या कोठारात असते.

दुसरे कारण दुखण्याचे. सभासदाच्या बखरीत पागेची मांडणी आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. मी हे अनेक वर्षे शिकवले. परीक्षेत मुले पंचवीस, पाच, दहा असे आकडे घोकून लिहीत. हवालदार, जुमलेदार, हजारी त्यांना पाठ असत. नालबंद मात्र बहुधा गळायचा. वास्तविक त्या यादीतला सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच म्हणावा लागेल. नाल सैल झाली, खुरात खडा अडकला, तर हजारी मनसबीचा सरदारही पायी चालणार.

माझे आजोबा निजामी अमलातले. ते एक गोष्ट सांगत. गावाला दौऱ्यावर येणाऱ्या गिरदावराचा घोडा एकदा ओढ्याच्या उतारावर अडला. साहेबांनी चाबूक ओढला. घोडा मागे सरू लागला, कान मागे पाडले, शेपूट आपटू लागला. साहेबांचा आवाज चढत गेला. मागून पायी येणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराने काही न बोलता साहेबांना खाली उतरायची विनंती केली, घोड्याच्या मानेवर हात फिरवला, पुढचा उजवा पाय उचलला आणि खुराच्या मऊ भागात शिरलेला बाभळीचा काटा काढला. मग तंग सोडून खोगिराखाली हात घातला. तिथेही पाठ सोललेली होती. "सरकार, तो नाही म्हणत नव्हता, सांगत होता," एवढेच तो बोलला म्हणे. आजोबांना हे वाक्य फार आवडत असे. नाही म्हणणे आणि सांगणे यांतला फरक पुष्कळांना जन्मभर कळत नाही, असे ते वर जोडत.

तिसरे कारण एकटेपणाचे. घोडा हा कळपाचा प्राणी. रानात असताना कळपातून फुटलेला घोडा वाघाच्या तोंडी जायचा, ही आठवण त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे ठाण सोडून एकट्याने बाहेर पडायला तो नाखूश असतो. जाताना पाय ओढतो आणि घराकडे वळला की न सांगता दुडकीवर येतो. फौजेत हा प्रश्न फारसा येत नसे, कारण सगळेच बरोबर निघत. खरी कसोटी लागे ती नदीवर. वाहते पाणी, खालचा तळ दिसत नाही, पायाखाली वाळू सरकते. अशा वेळी नवख्या घोड्याला चाबूक मारणे म्हणजे त्याची भीती पक्की करणे. जाणता माणूस पाण्याला सरावलेला, वयस्क घोडा पुढे घालतो. त्याच्या मागे बाकीचे उतरतात.

नदीपुढे कोणाची मात्रा चालत नाही, याचे आमच्या पंचक्रोशीतले मोठे उदाहरण म्हणजे राक्षसभुवनची लढाई. १० ऑगस्ट १७६३. निजाम अली स्वतः गोदावरी उतरून उत्तरेला आला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेच्या मोठ्या भागासह दक्षिण काठावर राहिला होता. श्रावणातली गोदावरी दुथडी भरून वाहत होती. राघोबादादा आणि अवघ्या अठरा वर्षांचे माधवराव पेशवे यांनी हीच वेळ साधली. विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडच्या काठावरच्या निजामाला मदतीला येता आले नाही. शनीच्या दर्शनाला राक्षसभुवनला जाणाऱ्या मंडळींनी पावसाळ्यात त्या काठावर पाच मिनिटे थांबून पाण्याकडे पाहावे. अशा पाण्यात पाऊल टाकायला नकार देणारा घोडा अडेल की शहाणा, हे मग आपोआप ठरेल.

आता चौथे आणि माझ्या मते सर्वांत मोठे कारण. ते म्हणजे वर बसलेला माणूस.

संताजी-धनाजींची आख्यायिका शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मोगलांचे घोडे पाण्यावर नेले तरी पाणी पीत नसत, आणि मग स्वार त्यांना विचारीत, पाण्यात तुला संताजी-धनाजी दिसतात की काय? आपण हे अतिशयोक्तीचे सुंदर उदाहरण म्हणून सांगतो. पण घोडा जाणणाऱ्याला त्यात निराळेच सत्य दिसेल. संताजी-धनाजी दिसत होते ते स्वाराला. लगाम धरलेली बोटे आवळलेली, मांड्या ताठ, नजर मागच्या डोंगराकडे. हे सारे घोड्याच्या अंगाला कळते. २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना घोडा घेऊन ठरलेल्या अंतरावर काही फेऱ्या मारायला लावल्या. शेवटच्या फेरीआधी सांगितले, की आता वाटेत एक छत्री एकदम उघडली जाईल. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या काळजाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले! घोड्यांना छत्रीबद्दल कोणी सांगितले होते? आमच्या लोककथेने हे तीनशे वर्षांपूर्वीच ओळखले होते असे म्हणायला हरकत नाही.

भीतीचे दुसरे रूप अधिक व्यवहारी होते. फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. दिसायला शिलेदाराचा मान मोठा. पण लढाईत घोडा मेला, तर शिलेदाराची सगळी पुंजीच गेली. तो घोडा म्हणजे त्याचे शेत, त्याची बैलजोडी, त्याच्या पोरांचे अन्न. अठराव्या शतकात मराठी फौजा जवळून पाहिलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांनी नोंदवले आहे, की असा स्वार घोडा वाचवण्यासाठी स्वतःच मागे राहतो. सभासद सांगतो, की महाराजांनी पागेचे बळ वाढवले आणि शिलेदारांना पागेच्या हुकमतीखाली ठेवले. त्यामागे शिस्तीचा विचार होताच, पण हीही गोष्ट ध्यानात असेल. जिथे घोडा अडल्यासारखा वाटे, तिथे कित्येकदा शिलेदाराचा लगामावरचा हात आखडलेला असे. मला त्या शिलेदाराला भित्रा म्हणवत नाही. अडलेल्या माणसाच्या मागेही त्याचे कोठार पाहावे लागते.

आणि घाबरलेल्या घोड्याला तरी काय म्हणावे? आमच्याच जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यातल्या असई गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली. वाटाड्यांनी केळणा नदीला जवळ उतार नाही म्हणून सांगितले होते. वेलस्लीने समोरासमोरच्या काठांवर दोन गावे पाहिली आणि ताडले, की इथे उतार असलाच पाहिजे. तो होताही. त्या उतारापाशी एका तोफगोळ्याने त्याच्याजवळच्या स्वाराचे डोके उडवले. त्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे, की ते धड खोगिराच्या सामानात अडकून तसेच बसून राहिले आणि भेदरलेल्या घोड्याला ते झटकून टाकायला बराच वेळ लागला. इतिहासाच्या पुस्तकात असईचे पान उघडले की नकाशा, बाण आणि तोफांची संख्या असते. मला मात्र तो घोडा दिसतो. त्याला शिंदे कोण, इंग्रज कोण, हे काय ठाऊक?

याच्या उलट चित्र थोरल्या बाजीरावांचे. एका चित्रकाराने त्यांचे चित्र काढल्याची आख्यायिका आहे. स्वारी चालली आहे, भाला खांद्यावर टेकलेला, घोड्याचा लगाम मानेवर सैल सोडलेला, आणि बाजीराव दोन्ही हातांनी जोंधळ्याचे कणीस चोळून दाणे तोंडात टाकत आहेत. हे चित्र साधेपणाचे म्हणून सांगितले जाते. मला त्यातला सैल लगाम महत्त्वाचा वाटतो. १७२७ च्या नोव्हेंबरात बाजीराव जालना-सिंदखेडकडून गेले आणि निजामाला मागे पळवत पळवत फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला कोंडीत पकडले. जो माणूस दोन्ही हात मोकळे सोडून कणीस खाऊ शकतो, त्याचा घोडा रोज फिरवलेला असतो, पोटभर असतो, आणि वर कोण बसले आहे हे त्याला माहीत असते.

मग अडलेल्या घोड्याचे करायचे काय? सगळे एकत्र केले तर क्रम साधा आहे. आधी खाली उतरा. नाल, खूर, तंग, खोगिराखालची पाठ, तोंडातली कडी पाहा. दुखणे नसेल तर तो कशाकडे बघतो आहे ते बघा. त्याचे कान तिकडेच वळलेले असतात. जे भय वाटते ते त्याला उभे राहून पाहू द्या, हुंगू द्या. शक्य तर दुसरा घोडा पुढे घाला. नाही तर पुढे रेटण्याऐवजी त्याच जागी एक-दोन फेर घ्या, म्हणजे पाय हलते राहतात. पाऊल पुढे पडले की लगाम लगेच सैल करा, मानेवर थोपटा. आणि अडला म्हणून घरी परत आणू नका, नाही तर अडले की घर मिळते हे तो शिकेल. चार पावले पुढे नेऊन, तुमच्या मनाने परत फिरवा. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने सुमारे २४०० वर्षांपूर्वी घोड्यांवर पुस्तक लिहिले, त्यातही हाच सल्ला आहे. रागात घोड्याला हात लावू नका. भ्यालेल्याला मारले तर भ्यायचे आणखी एक कारण त्याला मिळते. अलेक्झांडर आणि त्याचा बुसेफलस यांची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो हे त्या पोराने ओळखले आणि त्याचे तोंड सूर्याकडे वळवले. बाकीचे सगळे जाणकार तोवर घोड्याला नावे ठेवण्यात गुंतले होते.

आज आमच्या भागात घोडा दिसतो तो वरातीत. डीजेच्या भिंती, फटाके, तोंडासमोर नाचणारी पोरे, आणि वर आयुष्यात पहिल्यांदाच घोड्यावर बसलेला नवरदेव! मग घोडी थबकली, की मालक लगामाला हिसडे देतो. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात लाखालाखांची घोडी विकली जातात. तिथे लोक भोवऱ्या पाहतात, देवमण पाहतात, रंग पाहतात. जाणता मात्र घोडी बाजारातून एकटी बाहेर नेऊन बघतो.

उलट, वारीतल्या रिंगणातला माउलींचा अश्व पाहा. लाखांच्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात, पाठीवर स्वार नसताना तो दौडतो. भाविकांच्या मते माउली स्वार असतात, म्हणून तो अडत नाही. मी त्यावर वाद घालणार नाही. एवढेच सांगतो, की हे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि आळंदीपर्यंत पायी चालत येतात. श्रद्धा असली तरी घोडा फिरवण्यातून सुटका नाही!

हे सगळे मी का लिहीत बसलो? शाळांमधून 'अडेलतट्टू' हा शब्द फार सहज वापरला जातो म्हणून. आमच्या अंबड, घनसावंगी, गेवराई भागातली कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुले अर्धे वर्ष फडावर काढून वर्गात येतात. फळ्यापाशी बोलावले, की पाय रोवून उभी राहतात. पोर हट्टी आहे, असा शेरा पडतो. त्याच्या हातात सहा महिने पुस्तक नव्हते, सकाळी पोटात भाकरी होती की नाही कोणी विचारले नाही, बरोबरीचे सगळे पुढच्या धड्यावर गेले आणि तो एकटा मागे राहिला. न फिरवणे, भूक, दुखणे, एकटेपणा, समोरच्याची भीती. पागेतली सगळी कारणे एका पोरात जमा होतात. अशा मुलांना बाकीच्यांच्या सोबतीने, शेजारी एक हुशार मित्र बसवून, चार ओळींपासून सुरू केले की ती चालतात. पुष्कळ चांगल्या शिक्षकांनी हे केले आहे, आजही करतात.

असो. लेख लांबला. तुमच्या घरात आजोबा-पणजोबांच्या घोड्यांच्या आठवणी असतील, तर लिहून ठेवा. खोगीर, तोबरा, अगाडी-पिछाडी, खरारा, दुडकी हे शब्द नातवंडांना एकदा तरी ऐकवा. आणि पुढच्या वेळी कोणाला अडेलतट्टू म्हणावेसे वाटले, तर आधी त्याचा खूर उचलून पाहा.